तलावावरचे पाणपक्षी टिपायचे तर आधी पाळीवरून खाली उतरा

विदर्भाला समुद्र नाही. पण सुरय आहेत, पाणकावळे आहेत, हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब आहेत, आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत मातीच्या पाळीचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधाचे, जुन्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेले मालगुजारी तलावही आहेत. कॅमेरा घेऊन तिथे जाणारे दर हिवाळ्यात वाढताहेत. फोटो मात्र तेच ते: करड्या पाण्यावर काळे ठिपके, नाहीतर उडून चाललेल्या बदकांच्या शेपट्या.

दोष बहुतेक वेळा लेन्सचा नसतो, क्रमाचा असतो. माणूस आधी लेन्स घेतो, मग तलाव शोधतो, साडेआठला पोहोचतो, थेट पाळीवर चढतो आणि मग पक्षी कुठे आहेत ते बघतो. तोवर अख्ख्या तलावाला तो दिसलेला असतो, आभाळाच्या पार्श्वभूमीवर काळा, उंच, हलणारा. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे. त्यातली एखादी पायरी गाळली की पुढच्या सगळ्यांची मेहनत वाढते.

१. तलाव आधी कॅमेऱ्याशिवाय बघा

फोटो काढायच्या दोन-तीन दिवस आधी, दुपारी तीन-चारच्या सुमारास एक चक्कर मारा. कॅमेरा घरीच ठेवा, कारण हातात असला की पाहणी होत नाही. दुर्बीण असेल तर उत्तम.

तलाव मध्यम किंवा लहान निवडा. नवेगावबांध, इटियाडोह ही नावं मोठी आहेत, पण पाणीही तेवढंच मोठं आहे आणि दिवसभर पक्षी मधोमध बसून राहतात. शिकायला गावाशेजारचा तलाव किंवा मोठी बोडी (छोटं तळं) बरी.

तलावाला दोन बाजू असतात हे लक्षात घ्या. पाळीकडे पाणी खोल असतं. तिथे लालसरीसारखी बुड्या मारणारी बदकं, पाणकावळे आणि तिरंदाज सापडतात. जिकडून पावसाचं पाणी तलावात शिरतं ती बाजू उथळ असते, गवत आणि चिखलाची. शेकाट्या, तलवार बदक, हळदकुंकू बदक, कमळपक्षी, वंचक सगळे तिथे. सुरुवात याच उथळ बाजूने करा. फोटोग्राफरांची गर्दी मात्र नेहमी पाळीवर असते, कारण गाडी तिथवर जाते.

आता बसण्याच्या जागा शोधा, म्हणजे पक्ष्यांच्या. पाण्यातून वर आलेला दगड, वठलेल्या झाडाचा बुंधा, मासेमारीसाठी रोवलेला बांबू, यांवर विष्ठेचा पांढरा थर आहे का ते बघा. थर जाड असेल आणि वरचा भाग अजून ओलसर असेल, तर ती रोजची बैठक समजा. एकदा असा दगड सापडला की पक्ष्यामागे धावायचं कारण उरत नाही. पाणकावळा बुड्या मारून आला की पंख वाळवायला त्याच दगडावर येणार. सुरय आणि कवड्या खंड्याही ठरलेल्या जागा सहसा सोडत नाहीत.

यानंतरचं काम लोक हमखास विसरतात: माणसांचं वेळापत्रक विचारून घेणं. बहुतेक तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. डोंगा (छोटी होडी) पाण्यात कधी उतरतो, जाळी कधी काढतात, शिंगाडा कुठे लावलाय, म्हशी कोणत्या बाजूने पाण्यावर येतात, हे पाळीवर जाळं विणत बसलेल्या माणसाइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

“काका, डोंगा कवा काढता जी?”

“सातले. जारे काढले का पाखरं तिकडल्या आंगाले जाते.”

एवढ्यात कामाचं सगळं आलं. सात वाजता इकडून डोंगा निघणार आणि पक्षी पलीकडे सरकणार. म्हणजे आपण पावणेसातच्या आत पलीकडे बसलेलं असायला हवं.

*तपासा:* तलाव अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात येतो का? येत असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय पुढची एकही पायरी करू नका. लोणार सरोवरही अभयारण्य आहे, तिथेही हेच. गावचा तलाव असेल तर संस्थेतल्या माणसाला आणि ज्याच्या बांधावरून जायचं त्या शेतकऱ्याला सांगून ठेवा. पहाटे अनोळखी माणूस शेतात दिसला तर गाव प्रश्न विचारणारच.

२. बसायची जागा ऊन आणि वारा बघून ठरवा

ऊन पाठीशी हवं हे सगळ्यांना माहीत असतं. वाऱ्याचा विचार मात्र फार थोडे करतात, आणि उडत्या पक्ष्यांचे बरेचसे फोटो तिथेच हुकतात.

पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतो आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतो. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर दिवसभर तुम्हाला शेपट्या मिळतील. वारा पाठीवर घ्या, मग उतरणारा प्रत्येक पक्षी तुमच्याकडे चेहरा करून येईल.

आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तर-पूर्वेकडून वाहतो आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य पूर्वेच्या थोडा दक्षिणेला, आग्नेयेकडे सरकून उगवतो. म्हणून सकाळी तलावाच्या पूर्व काठावर बसलात की ऊन आणि वारा दोन्ही पाठीमागे येतात. संध्याकाळी मात्र हे जुळत नाही. ऊन पश्चिमेला गेलेलं असतं, वारा तोच राहतो. उडते पक्षी सकाळी टिपा आणि संध्याकाळ बसलेल्या पक्ष्यांसाठी ठेवा, हा माझा आग्रह त्यामुळेच.

जागा शक्य तितकी पाण्याच्या पातळीला घ्या. पाळीवरून खाली बघून काढलेल्या फोटोत बदकामागे फक्त पाणी येतं. कॅमेरा जमिनीपासून फूटभर उंचीवर आणला की मागे दूरचा काठ जातो, पार्श्वभूमी धूसर होते आणि पक्ष्याचा डोळा तुमच्या डोळ्यासमोर येतो. तेच बदक, तीच लेन्स, पण फोटो दुसराच.

आडोशाला बेशरमची झुडपं आहेतच. तलावाला ती कितीही त्रासदायक असली तरी फोटोग्राफरला उपयोगी पडतात.

*सावधान:* उथळ बाजूचा गाळ वरून सुकलेला दिसतो, पण पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जातो. पाहणीच्या दिवशीच काठी टोचत बसायच्या जागेपर्यंत जाऊन या. शिंगाड्याच्या वेलांजवळ अनवाणी उतरू नका, काटे पायात मोडतात.

३. सामान

४०० मिलिमीटरची लेन्स आणि क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा एवढ्यावर काम चालतं. थोडं गणित मात्र डोक्यात असू द्या. या जोडीत २० मीटरवर चौकटीची रुंदी साधारण १.२ मीटर भरते. अर्ध्या मीटरचं बदक म्हणजे जवळजवळ अर्धी चौकट, हे छान. तेच बदक ५० मीटरवर असेल तर चौकट जवळपास तीन मीटर होते आणि बदक तिचा सहावा हिस्सा. म्हणून लेन्सवर आणखी पैसे घालण्यापेक्षा वीस-पंचवीस मीटरवर पक्षी स्वतः येईल अशी जागा शोधणं स्वस्त पडतं.

पिशवीत बाकीचं साधंच:

- बीन बॅग. रिकामी न्या आणि गावात पोहोचल्यावर दुकानातून हरभरा किंवा सोयाबीन घेऊन भरा. आत आधी प्लास्टिकची पिशवी घाला, नाहीतर दवाने दाणे फुगतात.
- खताचं रिकामं पोतं, पोटावर झोपायला. ओल वर येत नाही. पांढरं असेल तर पूर्ण अंगाखाली राहील असं घडी करा.
- कृषी केंद्रात मिळणारी हिरवी शेडनेट, दीड-दोन मीटर. डोकं, खांदे आणि लेन्स झाकायला.
- मऊ सुती कापड, पाणी, टॉर्च, जाड बूट.

लष्करी छापाचे कपडे लागत नाहीत. मळका राखी किंवा मातकट शर्ट चालतो, पांढरा नको. तलावावरच्या पक्ष्यांना ढिवर (मासेमार), गुराखी, म्हशी यांची रोजची सवय असते. त्यांना बिचकवतो तो उभा राहून, थांबत-थांबत, थेट त्यांच्याकडे रोखून चालणारा माणूस. मग त्याने कोणताही छाप घातलेला असो.

४. सेटिंग रात्री घरीच लावा

थंडीत सुन्न बोटांनी अंधारात मेनू शोधू नये. रात्रीच लावून ठेवा: रॉ फाइल, सलग फोकस, सलग फोटोंचा वेग, आवाज बंद. मॅन्युअल मोड, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ६.३ ते ८, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो आणि त्याला वरची मर्यादा ३२०० किंवा तुमच्या कॅमेऱ्याला झेपेल तेवढी. बसलेल्या पक्ष्यासाठी शटर १/५००, उडत्यासाठी १/२०००. दोन्ही वेगळ्या कस्टम बटणांवर साठवता आले तर फार बरं, कारण बसलेला पाणकावळा उडताना निरोप घेत नाही.

कार्ड रिकामं, बॅटरी भरलेली, फ्लॅश बंद. लेन्सवरचं स्थिरीकरण बीन बॅगवर काय करतं ते आपल्या लेन्सचं माहितीपत्रक बघून ठरवा, सगळ्या लेन्स सारख्या नसतात.

५. पक्ष्यांच्या आधी पोहोचा, पण जिवावर उदार होऊन नाही

जानेवारीत गोंदियाकडे सूर्य पावणेसात ते सातच्या दरम्यान उगवतो. बुलडाण्याकडे पंधरा-वीस मिनिटं उशिरा. उगवण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी जागेवर बसलेलं असावं. शेतात रात्रभर चरलेले पट्टकादंब उजाडता-उजाडता तलावावर परततात. तुम्ही आधीच तिथे असाल तर ते तुम्हाला झुडपाचा भाग समजून उतरतात. नंतर आलात तर तुम्ही घुसखोर.

*सावधान, आणि हे मनावर घ्या:* रानडुकरांपासून हरभरा वाचवायला काही शेतांभोवती तारेत करंट सोडलेला असतो. बेकायदा आहे, तरी असतो, आणि माणसं मेली आहेत. अंधारात बांधावरून आडवाटेने जाऊ नका. ज्या वाटेने पाहणी केली त्याच वाटेने, शेतमालकाला विचारून, टॉर्च लावून जा.

दुसरी गोष्ट वाघ-अस्वलाची. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नवेगाव-नागझिराच्या आसपास जंगलाला लागून असलेल्या तलावावर अंधारात एकट्याने जायचंच नाही. तिथे पूर्ण उजाडल्यावर गावातल्या माणसाला सोबत घेऊन जा आणि पक्षी पुन्हा स्थिरावेपर्यंत तासभर जास्त बसा. वेळ जाईल, जाऊ द्या. पाळीच्या दगडांवर कोवळ्या उन्हाला घोणस पडलेली असते, म्हणून हात टेकण्याआधी दगड बघा.

६. पहिला अर्धा तास फोटो काढू नका

बसा, जाळी ओढून घ्या, लेन्स त्या पांढऱ्या थराच्या दगडाकडे वळवून ठेवा आणि हालचाल थांबवा.

टिटवीवर लक्ष ठेवा. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालत असेल तर तलावाला तुमची बातमी कळली आहे. ती गप्प होऊन पुन्हा चरायला लागली की समजा, मंजुरी मिळाली.

पक्षी उडण्याआधी सांगतो. मान उंच होते, चरणं थांबतं, सगळे एकाच दिशेला तोंड करतात, बदकं हळूच काठापासून आत सरकू लागतात. यातलं काहीही दिसलं की आहात तिथे थांबा, नजरही खाली करा. या क्षणी ‘अजून दोन पावलं’ टाकणारा माणूस त्या दिवसाचा तलाव रिकामा करतो, स्वतःपुरता नाही, सगळ्यांसाठी.

थोडं पुढे सरकायचंच असेल तर पोटावर, तिरकं, आणि पक्षी चोच पाण्यात घालून चरत असताना. त्याने मान वर केली की तुम्ही दगड व्हा.

मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवू नका. खडा मारून थवा उडवणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही, ते हा लेख वाचत नाहीत.

७. आधी बगळ्यावरचा उजेड मोजा

उजेडाची सगळ्यात नेहमीची चूक: बगळा कागदासारखा पांढरा सपाट, पिसांची एकही रेघ नाही. कारण साधं आहे. गडद पाण्यावर पांढरा पक्षी लहान दिसत असला की कॅमेरा सगळी चौकट गडद समजून उजेड वाढवतो. तिथे उजेडाची भरपाई (एक्सपोजर कॉम्पेन्सेशन) उणे ०.७ ते १ करा. उलट, पांढुरक्या आभाळासमोर पाणकावळा असेल तर कॅमेरा उजेड कमी करतो आणि पक्षी कोळसा होतो. तिथे अधिक १ ते १.७.

दर वेळी हे फिरवायचा कंटाळा येतोच. म्हणून सूर्य वर आला आणि आभाळ निरभ्र असलं की मी ऑटो आयएसओ बंद करतो. उन्हात उभा असलेला सर्वांत पांढरा बगळा टिपतो, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकणार नाही इतपत आयएसओ ठरवतो आणि तो तसाच ठेवतो. ऊन बदलत नाही तोवर त्याच आकड्यात बदक, सुरय, पाणकावळा सगळे बरोबर येतात. ढग आला किंवा तासभर गेला की पुन्हा बगळा शोधायचा.

*तपासा:* पहिल्या पाच-सहा फोटोंनंतर डोळ्यावर झूम करून बघा. डोळा टोकदार नसेल आणि पोटाजवळचं पाणी टोकदार असेल, तर फोकस मागे-पुढे सरकलाय. सगळंच धूसर असेल आणि नऊ-साडेनऊ झाले असतील, तर ती चिखलावरून उठणारी हवा आहे. तिला लेन्स बदलून उपाय नाही, पक्षी जवळ असेल तरच पुढे काढा, नाहीतर डबा उघडा.

८. उडते पक्षी: झूम थोडा सोडा

बसलेला पक्षी जमल्यावरच इकडे वळा. पट्टकादंबाचे पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास जातात. २० मीटरवर तुमची चौकट १.२ मीटर आहे हे आठवा. पूर्ण झूम ठेवलात तर पंख कापले जाणारच. मागे या, कडेने जागा सोडा, नंतर कापून घेता येतं.

कोण कसा उठतो हे माहीत असलं की अर्धं काम होतं. तलवार बदक पाण्यातून सरळ वर उसळतं, तुम्हाला क्षणभरही देत नाही. वारकरी आणि लालसरी पाण्यावर पाय आपटत, पळत, मग हवेत जातात. सराव वारकऱ्यांवर करा. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत हवेत थांबतो आणि मग सूर मारतो. तो थांबलाय तोवर फोकस पक्का करा, सूर मारताना त्याच्यामागे कॅमेरा नेण्यात हशील नाही. सुरयही वरून खाली बघत एकाच पट्ट्यात परत-परत फेऱ्या मारतो. दोन फेऱ्या नुसत्या बघा, तिसरीला तो कुठून येणार ते कळलेलं असतं.

पक्षी दूर असतानाच फोकस धरा आणि जवळ येईपर्यंत सोडू नका. जवळ आल्यावर शोधायला गेलात तर तो निघून जातो. बटण मात्र शेवटच्या टप्प्यातच दाबा. आधीपासून दाबून ठेवलं की ऐन वेळी कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण भरलेली असते.

९. उठायचीही पद्धत असते

काम झालं म्हणून ताडकन उभं राहू नका. मागे सरका, झुडपाआड जा, मग उभे राहा. पक्षी बसलेले असतानाच तुम्ही निघालात तर उद्या ती जागा पुन्हा चालेल. पोतं, दोऱ्या, बिस्किटाचे कागद उचला. हरभरा परत न्या, उसळ होते.

थंडगार कॅमेरा गरम घरात आणून लगेच उघडला की काचेवर पाणी धरतं. पिशवीची चेन बंद ठेवून तास-दीड तास तशीच राहू द्या. कार्ड हवं असेल तर घरात शिरण्याआधी बाहेरच काढून घ्या.

१०. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात जाणार असाल तर

वरचं सगळं हिवाळी तलावाचं. फेब्रुवारी-मार्चनंतर वैनगंगेसारख्या नद्यांच्या उघड्या पडलेल्या वाळूवर आणि खडकांच्या बेटांवर नदी सुरय घरटी करतो. घरटं म्हणजे वाळूतली नुसती खळगी, अंडी वाळूच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

इथे जवळ जायचंच नाही. सुरय चोच परजत डोक्यावर झेपावू लागला, तर फोटो छान येतोय म्हणून थांबू नका. तुम्ही घरट्याच्या हद्दीत आहात. आल्या पावली मागे फिरा. मे महिन्याच्या उन्हात आई-बाप सावली धरून बसलेले नसतील तर अंडी थोड्याच वेळात वाया जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. काठावरून, लांबून, उडता सुरय टिपा आणि बेट सोडून द्या.

हीच गोष्ट सारसांची. महाराष्ट्रात ते उरलेत मुख्यतः गोंदियात, थोडे भंडारा-चंद्रपुरात, आणि पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमध्ये घरटं करतात. त्या दिवसांत रस्त्यावरून, गाडीत बसून मिळेल तेवढंच घ्या.

फोटो कुठेही टाकण्याआधी फाइलमधली जीपीएसची नोंद काढून टाका. तलावाचं नाव लिहायचं तर लिहा, पण घरट्याचा फोटो असेल तर तालुक्याच्या पलीकडे काही लिहू नका. आणि ज्या काकांनी डोंग्याची वेळ सांगितली, त्यांना त्यांच्या डोंग्याचा एक फोटो छापून नेऊन द्या.